विश्लेषण : प्रोग्रामरना घाम फोडणारा ‘मोनॅड’ म्हणजे नेमके काय?

१२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउड कोलमडले आणि जगभरातील अनेक ॲप काही तास बंद पडली. निमित्त होते माहितीतील काही कोऱ्या रकान्यांचे आणि ते कोरे असू शकतात हे गृहीत न धरणाऱ्या कोडचे. अशा विसरण्यावर फंक्शनल प्रोग्रामिंगने तीन दशकांपूर्वीच एक उपाय शोधून ठेवला आहे. त्याचे नाव मोनॅड. संगणक क्षेत्रात हा शब्द अवघडपणासाठी बदनाम आहे. प्रत्यक्षात जावा, जावास्क्रिप्ट किंवा रस्टमध्ये काम करणारे अनेक जण त्याच कल्पनेवर उभी असलेली साधने रोज वापरतात. ही कल्पना काय आहे, ती आली कुठून आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याविषयी…

गुगल क्लाउडमध्ये काय घडले?

गुगल क्लाउडकडे येणाऱ्या विनंत्या आधी एका तपासनाक्यातून जातात. विनंती करणाऱ्याला परवानगी आहे का, त्याने ठरलेली मर्यादा ओलांडली आहे का, हे ‘सर्व्हिस कंट्रोल’ नावाची प्रणाली पाहते. २९ मे २०२५ रोजी या प्रणालीत मर्यादा तपासण्याची नवी सोय आणली गेली. मात्र नव्या कोडचा तो भाग चालण्यासाठी विशिष्ट प्रकारची माहिती यावी लागणार होती. ती तोवर आलीच नाही, त्यामुळे दोषही दिसला नाही. १२ जूनला धोरणविषयक नवी माहिती भरली गेली. तिच्यातील काही रकाने कोरे होते. ही माहिती काही सेकंदांत जगभरातील केंद्रांत पोहोचली. कोरा रकाना समोर येताच प्रणाली बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची आणि पुन्हा तिथेच आपटायची. भारतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. स्पॉटिफाय, डिस्कॉर्डसारख्या सेवांना फटका बसला. गुगलने नंतर दिलेल्या तपशिलात ‘नल पॉइंटर’ हे कारण नमूद केले आणि त्या ठिकाणी चूक हाताळण्याची तजवीज नव्हती, हेही मान्य केले.

‘नल’ इतका महाग का पडतो?

‘इथे काहीच नाही’ हे सांगणारी खूण म्हणजे नल. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये ‘अल्गॉल डब्ल्यू’ या भाषेत ती आणली. ती आणणे सोपे होते, म्हणून मोह आवरला नाही, अशी कबुली त्यांनी २००९ मध्ये लंडनमधील एका परिषदेत दिली. याच भाषणात त्यांनी नलला स्वतःची ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले. 

नलची अडचण अशी की तो कुठेही बसू शकतो आणि बाहेरून दिसत नाही. कोडमध्ये ‘ग्राहकाचा पत्ता’ असे लिहिलेले असते. तिथे खरोखर पत्ता आहे की नल, हे त्या ओळीकडे पाहून कळत नाही. वापरण्यापूर्वी तपासणे ही प्रोग्रामरची जबाबदारी. तो शंभर ठिकाणी तपासतो, एका ठिकाणी विसरतो आणि नेमक्या त्या ठिकाणी एखाद्या रात्री नल येतो. अनेक जुन्या भाषांमध्ये या विसरण्याबद्दल कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, अवाक्षरही काढत नाही.

मग प्रत्येक ठिकाणी तपासले तर काय बिघडते?

घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या एखाद्या ॲपचे उदाहरण घेऊ. ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकावरून त्याच्या जवळचे वितरण केंद्र शोधायचे आहे. टप्पे सरळ आहेत :

मोबाइल क्रमांक → ग्राहक → पत्ता → पिनकोड → वितरण केंद्र

प्रत्येक बाण म्हणजे एक फंक्शन. एक गोष्ट आत घ्यायची, दुसरी बाहेर द्यायची. प्रत्येक टप्पा हमखास यशस्वी होणार असता, तर ही चार फंक्शन एकमेकांना जोडली की काम संपले. पण त्या क्रमांकाचा ग्राहक नोंदलेलाच नसेल. असला तर त्याने पत्ता दिलेला नसेल. पत्त्यात पिनकोड नसेल. त्या पिनकोडला सेवा देणारे केंद्रच नसेल. चार टप्पे, चार शक्यता. म्हणून प्रोग्रामर लिहितो : ग्राहक मिळाला का, मिळाला असेल तर पत्ता काढा, पत्ता मिळाला का, मिळाला असेल तर पिनकोड काढा, आणि असेच पुढे. ‘जर-तर’च्या आत ‘जर-तर’ अशी उतरंड तयार होते. मूळ काम चार ओळींचे, पण ते तपासणीच्या गर्दीत हरवते. शिवाय ही तपासणी हाताने, पुन्हा पुन्हा लिहायची असल्याने एखादी राहून जाण्याची भीती कायम असते.

फंक्शनल प्रोग्रामिंगचे उत्तर काय?

पहिली पायरी म्हणजे ‘नसण्याची शक्यता’ लपवायची नाही, ती नावातच आणायची. ग्राहक शोधणारे फंक्शन ‘ग्राहक’ देत नाही, ते ‘कदाचित ग्राहक’ देते. एक बंद पाकीट आहे असे समजा. आत ग्राहकाची नोंद असेल किंवा पाकीट रिकामे असेल. हॅस्केल भाषेत या प्रकाराला ‘मेबी’ म्हणतात, स्कॅला आणि रस्टमध्ये ‘ऑप्शन’. पाकीट हा वेगळा प्रकार असल्याने त्याला थेट ग्राहक समजून वापरता येत नाही. कुणी तसा प्रयत्न केला, तर कंपायलर तिथेच अडवतो. म्हणजे चूक ग्राहकाच्या फोनवर नव्हे, प्रोग्रामरच्या टेबलावर उघडी पडते.

पण यातून नवी अडचण उभी राहते. पहिले फंक्शन ‘कदाचित ग्राहक’ देते आणि दुसऱ्याला हवा असतो साधा ‘ग्राहक’. दोन नळांच्या तोंडांचे माप जुळत नाही, तशी गत. पाकीट न उघडता आतल्या गोष्टीवर दुसरे फंक्शन चालवले, तर ते फंक्शनही पाकीटच देत असल्याने पाकिटात पाकीट मिळते. तिसऱ्या टप्प्याला पाकिटात पाकिटात पाकीट. चौथ्याला विचारूच नका.

मोनॅड इथे कसा कामाला येतो?

मोनॅड म्हणजे हे माप जुळवणारी व्यवस्था. तिच्यात तीनच गोष्टी असतात. एक, पाकिटाचा प्रकार. दोन, साधी किंमत पाकिटात ठेवण्याची रीत. तीन, ‘पाकीट देणारे’ दोन टप्पे एकामागे एक जोडण्याची रीत. हॅस्केलमध्ये तिसऱ्या गोष्टीला ‘बाइंड’ म्हणतात. जावा आणि स्कॅलामध्ये तिचे नाव ‘फ्लॅटमॅप’. पाकिटात पाकीट आले की ते सपाट करून एकच ठेवायचे, म्हणून ‘फ्लॅट’.

‘मेबी’साठी जोडण्याचा नियम दोन वाक्यांचा आहे. पाकिटात काही असेल तर ते काढून पुढच्या टप्प्याला द्या. पाकीट रिकामे असेल तर पुढचा टप्पा चालवूच नका, रिकामे पाकीट पुढे सरकवा. हा नियम एकदाच, एकाच ठिकाणी लिहिलेला असतो. त्यानंतर वितरण केंद्र शोधण्याचे काम पुन्हा चार ओळींचे होते : ग्राहक शोधा, मग पत्ता काढा, मग पिनकोड काढा, मग केंद्र शोधा. मधली एकही तपासणी लिहावी लागत नाही आणि म्हणून विसरताही येत नाही. 

या दोन गोष्टींतला फरक महत्त्वाचा आहे. नसण्याची शक्यता उघड करण्याचे काम पाकिटाचा प्रकार करतो. ती उघड ठेवूनही कोड वाचनीय राहील, हे काम मोनॅड करतो. पहिली गोष्ट असून दुसरी नसेल, तर प्रोग्रामर पाकिटे उघडून उघडून कंटाळतो आणि पळवाटा शोधतो.

ही फक्त नलवरची मात्रा आहे का?

नाही, आणि या कल्पनेची खरी ताकद तिथेच आहे. पाकिटाचा अर्थ बदलला की जोडण्याचा नियम बदलतो, पण साखळीचा आकार तोच राहतो. 

काम का फसले हेही सांगायचे असेल, तर रिकाम्या पाकिटाऐवजी कारणाची चिठ्ठी ठेवता येते. मग ‘केंद्र सापडले नाही’ एवढेच न कळता ‘पत्त्यात पिनकोड नव्हता’ असे नेमके उत्तर शेवटपर्यंत पोहोचते. एका प्रश्नाची अनेक उत्तरे असतील, तर पाकीट म्हणजे यादी. नियम असा, की यादीतील प्रत्येक उत्तरावर पुढचा टप्पा चालवा आणि आलेल्या सगळ्या याद्या एकत्र करा. उत्तर इंटरनेटवरून काही वेळाने येणार असेल, तर पाकीट म्हणजे ‘येईल तेव्हा मिळेल’ असा वायदा. नियम असा, की उत्तर आले की पुढचा टप्पा सुरू करा. नसणे, फसणे, अनेक असणे, उशिरा येणे या वरवर पाहता वेगवेगळ्या अडचणी आहेत. त्यांची जोडणी एकाच साच्यात बसते, हे ओळखणे म्हणजे मोनॅड समजणे.

ही कल्पना आली कुठून?

गणितातून. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ मध्ये ‘कॅटेगरी थिअरी’ या शाखेचा पाया घातला. वस्तूंच्या आत काय आहे यापेक्षा त्या एकमेकींशी कशा जोडल्या जातात, याकडे पाहणारे हे गणित. मोनॅडची रचना १९५०च्या दशकात या शाखेत अवतरली. सुरुवातीला तिला वेगवेगळी नावे होती. मॅक लेन यांच्या १९७१ च्या पाठ्यपुस्तकाने ‘मोनॅड’ हे नाव रूढ केले. तोवर संगणकाशी तिचा काही संबंध नव्हता.

तो संबंध १९८९ मध्ये इटालियन संशोधक युजेनिओ मोज्जी यांनी दाखवला. प्रोग्राम चालताना होणाऱ्या उलाढाली, म्हणजे अपवाद, बदलणारी स्मृती, अनेक संभाव्य उत्तरे, बाहेरून येणारी माहिती, या सगळ्या मोनॅडच्या साच्यात मांडता येतात, असे त्यांनी सिद्धांताच्या पातळीवर मांडले. फिलिप वॅडलर यांनी १९९० पासूनच्या निबंधांतून ही रचना प्रोग्रामरच्या हातात दिली.

हॅस्केलला तिची इतकी गरज का भासली?

तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव मिरवणारी ही भाषा १९९० मध्ये आली. तिचा दंडक कडक होता. फंक्शन शुद्ध हवे. तेच आत घातले की तेच बाहेर आले पाहिजे, मधल्या मध्ये दुसरे काही घडता कामा नये. असा कोड तपासायला सोपा, कारण एका कोपऱ्यातला बदल दुसऱ्या कोपऱ्यात गुपचूप गोंधळ घालत नाही. पण पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल वाचणे, संदेश पाठवणे ही सगळी ‘मधल्या मध्ये घडणारी’ कामे. ती नसतील तर प्रोग्रामचा उपयोग काय? सुरुवातीच्या हॅस्केलमध्ये यासाठी केलेल्या तरतुदी किचकट होत्या. 

१९९३ मध्ये सायमन पेटन जोन्स आणि वॅडलर यांनी मोनॅडवर आधारित मार्ग मांडला आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ या आवृत्तीत तो अधिकृत झाला. त्याचे मर्म असे : शुद्ध फंक्शन काम करत नाही, ते कामाची कृती लिहून देते. पुरणपोळीची कृती कागदावर लिहिली म्हणून गॅस पेटत नाही. कागद कितीही वेळा वाचला तरी तो तोच राहतो. दोन कृती एकामागे एक जोडून तिसरी, मोठी कृती तयार करता येते. ही जोडणी म्हणजेच मोनॅड. शेवटी तयार झालेली एकच मोठी कृती यंत्रणेच्या हाती दिली जाते आणि तेव्हा कुठे पडद्यावर अक्षर उमटते. यामुळे कोणते फंक्शन बाहेरच्या जगाला हात लावते, हे त्याच्या प्रकारावरूनच कळू लागले.

ही भाषा केवळ विद्यापीठांपुरती राहिली नाही. स्पॅम रोखणारी ‘सिग्मा’ ही प्रणाली हॅस्केलवर चालवत असल्याचे फेसबुकने २०१५ मध्ये जाहीर केले. ती सेकंदाला दहा लाखांहून अधिक विनंत्या हाताळत होती.

हॅस्केल न शिवणाऱ्यांचा याच्याशी काय संबंध?

बराच. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सी-शार्पमध्ये आणलेल्या ‘लिंक’ या सोयीमागे हीच रचना आहे. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर ‘ऑप्शनल’ आले आणि त्याच्यासोबत ‘फ्लॅटमॅप’ही. रस्टमध्ये ओळीच्या शेवटी लावले जाणारे प्रश्नचिन्ह हेच काम थोडक्यात करते. यश असेल तर पुढे जा, चूक असेल तर ती घेऊन इथूनच परत फिर. सी-प्लस-प्लसच्या २०२३ च्या मानकातही अशी साखळी जोडण्याची सोय दाखल झाली.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून असलेले ‘प्रॉमिस’ हे याच घराण्यातले. २०१७ मध्ये आलेल्या ‘एसिंक-अवेट’मुळे उशिरा येणाऱ्या उत्तरांची साखळी सरळ ओळींत लिहिता येते. हॅस्केलमध्ये मोनॅडसाठी असलेल्या ‘डू’ या लेखनपद्धतीशी त्याचे साम्य सहज दिसते. काटेकोर गणिती अर्थाने मात्र प्रॉमिस मोनॅड ठरत नाही. प्रॉमिसच्या आत प्रॉमिस ठेवू गेले, तर जावास्क्रिप्ट ते स्वतःच सपाट करून टाकते.

काटेकोर अर्थ म्हणजे काय? नियम कोणते?

नियम तीन आहेत. किंमत नुसती पाकिटात ठेवून लगेच पुढच्या टप्प्याला दिली, तर तो टप्पा थेट चालवल्यासारखाच परिणाम हवा. साखळीच्या शेवटी ‘काढा आणि पुन्हा पाकिटात ठेवा’ असा निरुद्योगी टप्पा जोडला, तर काहीही बदलता कामा नये. आणि तीन टप्प्यांपैकी पहिले दोन आधी जोडले काय किंवा शेवटचे दोन आधी जोडले काय, उत्तर एकच यायला हवे.

हे पुस्तकी वाटते, पण त्याचा व्यवहारात उपयोग आहे. तिसऱ्या नियमामुळे लांबलचक साखळीतले मधले दोन टप्पे उचलून त्यांचे वेगळे फंक्शन करता येते आणि प्रोग्रामचे वागणे बदलणार नाही याची खात्री असते. वर्षानुवर्षे अनेक हातांतून जाणाऱ्या कोडमध्ये ही खात्री मोलाची असते.

मग हा विषय इतका अवघड का वाटतो?

एक कारण म्हणजे परिभाषा. नाव गणितातले, व्याख्याही गणितातली. दुसरे कारण म्हणजे उपमा. संशोधक ब्रेंट यॉर्गी यांनी २००९ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले. माणूस अनेक दिवस उदाहरणांशी झटतो, हळूहळू त्याला आकार दिसू लागतो आणि त्या क्षणी डोक्यात एखादी उपमा चमकते. समजले ते झटण्यामुळे, पण श्रेय मिळते उपमेला. मग तो इतरांना फक्त उपमा सांगतो आणि ऐकणारा अधिकच गोंधळतो. यॉर्गी यांनी गमतीने ‘बरीटो’ या मेक्सिकन खाद्यपदार्थाचे उदाहरण दिले आणि तेव्हापासून तो या विषयाचा विनोदी मानचिन्हच बनला. डग्लस क्रॉकफर्ड यांनी तर २०१२ मधील एका भाषणात, मोनॅड समजला की तो समजावण्याची क्षमता जाते, असा शापच सांगितला.

वर वापरलेले पाकीटही याला अपवाद नाही. ‘मेबी’ आणि यादीपर्यंत ते चालते. कामाच्या कृतीपाशी ते अडते, कारण कृतीच्या कागदात पोळी नसते, ती पुढे तयार व्हायची असते. त्यामुळे पाकीट सोडून द्यायला हरकत नाही. लक्षात ठेवायची ती जोडणी.

मोनॅड वापरला की प्रश्न मिटतो का?

याचे उत्तर १८ नोव्हेंबर २०२५ रोजी मिळाले. भारतात सायंकाळचे पाच वाजत आले असताना क्लाउडफ्लेअरची सेवा विस्कळीत झाली आणि एक्स, चॅटजीपीटीसह अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. कंपनीने दिलेल्या तपशिलानुसार डेटाबेसच्या परवानग्यांतील एका बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या प्रणालीच्या फाइलचा आकार दुप्पट झाला. त्या फाइलमध्ये २०० पर्यंतच नोंदी चालतील, अशी मर्यादा कोडमध्ये घातलेली होती. ती ओलांडली गेली.

कोड रस्टमध्ये होता. चूक होऊ शकते, हे सांगणारे ‘रिझल्ट’ नावाचे पाकीटही तिथे होते. पण त्या जागी ‘अनरॅप’ वापरले होते. त्याचा अर्थ असा, की आत यशच आहे असे धरून पाकीट फोडा, नसेल तर तिथेच थांबा. आत चूक निघाली आणि प्रणाली थांबली. भाषेने धोका दाखवला होता, तो हाताळण्याची सोयही दिली होती. फक्त त्या एका ओळीत ती वापरली गेली नाही.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या, तर फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या घटनेत कोरा रकाना कुणाच्या लक्षातच आला नाही. दुसऱ्यात ‘इथे चूक होऊ शकते’ हे कोडमध्ये लिहिलेले होते आणि ‘होणार नाही’ हा निर्णय माणसाने घेतला होता. असा निर्णय कोडमध्ये शोधता येतो, परीक्षणाच्या वेळी त्यावर प्रश्न विचारता येतो, संघाच्या नियमांत त्यावर बंदीही घालता येते. न दिसणाऱ्या नलबाबत यातले काहीच सोपे नसते.

शिकायची सुरुवात कुठून करावी?

व्याख्येपासून नको. हातात असलेल्या भाषेतला ‘ऑप्शनल’, ‘ऑप्शन’ किंवा ‘प्रॉमिस’ घ्यावा. आधी ‘जर-तर’ची उतरंड लिहावी, मग तेच काम फ्लॅटमॅपने किंवा त्याच्या जोडीदाराने साखळीत लिहावे. त्यानंतर यादीवर तोच प्रयोग करावा. तिसऱ्या उदाहरणापाशी सगळ्यांतला सारखा आकार डोळ्यांना दिसू लागतो. त्या आकाराचे नाव मोनॅड आहे, हे तेव्हा कळले तरी पुरते. आणि पुढच्या वेळी एखादे पाकीट सरळ फोडण्याचा मोह झाला, तर हात क्षणभर थांबला पाहिजे. एवढा थांबा घेतला गेला, तरी या कल्पनेने आपले काम केले.